एआयने वाचलेले एक्स-रे मोजायचे कसे

एखाद्या वस्तीत २०,००० प्रौढांचे छातीचे एक्स-रे काढले आणि एआयने त्यातले २,४०० संशयित म्हणून खुणावले, की अहवालात '१२ टक्के' लिहायचा मोह होतोच. पण हे क्षयरोगाचं प्रमाण नव्हे. एवढ्या फिल्म सॉफ्टवेअरला खटकल्या, इतकंच त्यातून कळतं. त्यात खरे रुग्ण किती, हे थुंकीच्या तपासणीशिवाय ठरत नाही, आणि वीस हजार जणांची थुंकी तपासायला ना पैसे असतात ना यंत्रं. मग मोजक्या तपासण्या हाताशी धरून एआयच्या या ढीगभर निकालांतून भरवशाचा आकडा कसा काढायचा, हे इथे नीट मांडतो. गोवंडी-मानखुर्द, धारावी या भागांत टीबीचं प्रमाण मोठं आहे, म्हणून उदाहरण टीबीचं घेतलंय. पद्धत मॅमोग्रामला, डोळ्याच्या पडद्याच्या फोटोंना, केसपेपरलाही तीच लागू पडते. खालचे शिबिराचे आकडे हिशोब समजावा म्हणून मीच धरलेले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांचे एक्स-रे क्षयरोगासाठी चाळताना माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचायला मान्यता दिली. तेव्हा ज्या तीन सॉफ्टवेअरचा विचार झाला, त्यातलं क्यूएक्सआर हे मुंबईच्याच क्युअर डॉट एआयचं. अशा पहिल्या चाळणीकडून किमान अपेक्षा आहे ती ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ७० टक्के स्पेसिफिसिटीची: दहा रुग्णांपैकी नऊ पकडायचे आणि दहा निरोगी लोकांपैकी निदान सातजणांना मोकळं सोडायचं. चाळणी म्हणून हे उत्तमच आहे. अडचण येते ती चाळणीत उरलेल्यांनाच मोजणी समजलं की.

आपल्या उदाहरणात सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटीही ९० टक्के धरू. रोगन आणि ग्लॅडन यांचं १९७८ चं सूत्र सोपं आहे: खुणावलेल्यांच्या प्रमाणात स्पेसिफिसिटी मिळवा, एक वजा करा, आणि त्याला सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा एक याने भागा. ०.१२ अधिक ०.९० वजा १ म्हणजे ०.०२, भागिले ०.८०. उत्तर २.५ टक्के. म्हणजे वीस हजारांत रुग्ण ५००. त्यातले ४५० पकडले गेले, ५० सुटले, आणि १,९५० निरोगी माणसं उगाच संशयितांत जाऊन बसली. बाराच्या जागी अडीच!

हे सूत्र हातात आलं की काम झालं असं वाटतं, आणि बरेच लेख इथेच थांबतात. आता स्पेसिफिसिटी ९० ऐवजी ९२ टक्के धरून बघा. उत्तर येतं ४.९ टक्के. ८८ धरली तर उत्तर थेट शून्य. स्पेसिफिसिटीतल्या दोन टक्क्यांच्या फरकाने 'इथे टीबी नाहीच'पासून 'जवळपास पाच टक्के लोकांना टीबी आहे'पर्यंत काहीही निघू शकतं. कारण उघड आहे. आजार कमी लोकांना असतो, निरोगी माणसं प्रचंड असतात, त्यामुळे निरोगी लोकांवरची जराशी चूकसुद्धा सगळा हिशोब खाऊन टाकते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत लाखामागे ३१६ जणांना फुफ्फुसाचा क्षय आढळला होता. त्या प्रमाणावर हेच ९०-९० चं सॉफ्टवेअर चालवलं तर खुणावलेल्या शंभरातले जेमतेम तीन खरे रुग्ण निघतील. उलट, छातीच्या ओपीडीत जिथे १५ टक्के रुग्ण असतात, तिथे शंभरात एकसष्ट. सॉफ्टवेअर तेच, फक्त समोरची माणसं बदलली.

म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकातली किंवा दुसऱ्या शहरातल्या अभ्यासातली स्पेसिफिसिटी उचलून या सूत्रात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसावर वण राहतात आणि सॉफ्टवेअर ते वणच खुणावतं. वय वाढलं तरी स्पेसिफिसिटी उतरते. ज्या वस्तीत असे लोक जास्त, तिथे ९० चे ८० सहज होतात. आपल्या वस्तीची स्पेसिफिसिटी आपणच मोजायला हवी.

दोन्ही ढिगांतून नमुने

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे थुंकी फक्त खुणावलेल्यांचीच घेणं. उपचाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे, अभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्याने सगळं बिघडतं. ज्यांना एआयने सोडून दिलं त्यांची तपासणीच झाली नाही तर सुटलेला एकही रुग्ण कागदावर येत नाही आणि सेन्सिटिव्हिटी १०० टक्के दिसते. बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्येच यावरची दुरुस्ती दिली. पण न खुणावलेल्यांतल्या काहींची तरी तपासणी झाली असेल तरच ती करता येते. शून्य नमुन्यांवर कुठलीच दुरुस्ती चालत नाही.

तेव्हा दोन थर करायचे. समजा १,२०० तपासण्यांची सोय आहे. खुणावलेल्या २,४०० मधून रँडम ४०० निवडा, न खुणावलेल्या १७,६०० मधून रँडम ८००. पहिल्या थरात ७५ पॉझिटिव्ह आले, म्हणजे १८.७५ टक्के, म्हणजे २,४०० मध्ये ४५०. दुसऱ्यात २ आले, म्हणजे ०.२५ टक्के, १७,६०० मध्ये ४४. एकूण ४९४, प्रमाण २.४७ टक्के, आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असल्याचा भरवसा धरता येतो तो पट्टा, साधारण २ ते ३ टक्के. यात कुठेही बाहेरची सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी घातलेली नाही. एआय कितीही चुकत असलं तरी हा अंदाज एका बाजूला झुकत नाही, कारण चुका त्याच वस्तीत मोजल्या आहेत.

मग एआयचा उपयोग काय? उपयोग तपासण्या वाचवण्यात आहे. एआय न वापरता वीस हजारांतून नुसत्या रँडम १,२०० जणांची थुंकी तपासली असती तर इंटरव्हल दोन्हीकडे ०.८५ टक्क्यांचा आला असता. वरच्या पद्धतीत तो ०.५१ चा आहे. तेवढी अचूकता एआयशिवाय हवी असेल तर सुमारे ३,००० तपासण्या लागतील. १,८०० तपासण्यांची बचत झाली, तीही एआयवर आंधळा विश्वास न टाकता. मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

कल्पना नवी नाही. आधी स्वस्त माप सगळ्यांचं घ्यायचं, मग महागडं माप निवडक लोकांचं, हे संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी १९३८ मध्ये मांडलं. आणि कुठल्या थरातून किती नमुने घ्यायचे, त्यातही थरांमधली विविधता आधी माहीत नसताना छोट्या नमुन्यावरून ती ताडायची तर काय होतं, यावर नेमन यांच्याच हाताखाली लंडनमध्ये शिकलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी १९३५ मध्ये काम केलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे हे सुखात्मे. एआयवरच्या कार्यशाळांत त्यांचं नाव घेतलं जायला हवं.

नेमन यांच्या नियमाने (थर जितका मोठा आणि त्यात विविधता जितकी जास्त, तितके जास्त नमुने) आपल्या उदाहरणात १,२०० तपासण्यांची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी, खुणावलेल्यांतून ६२० आणि न खुणावलेल्यांतून ५८० अशी येते. तरीही मी ८०० न खुणावलेल्यांतून घेतले, कारण त्या थरात किती सुटलेत हे आधी कोणालाच माहीत नसतं आणि कमी नमुन्यांत एकही पॉझिटिव्ह न मिळण्याची भीती असते. ८०० पैकी २ पॉझिटिव्ह म्हणजे अचूक पद्धतीने काढलेला इंटरव्हल ०.०३ ते ०.९० टक्के. न खुणावलेल्या १७,६०० च्या हिशोबात सुटलेले रुग्ण ५ असू शकतात, १५८ पण असू शकतात. इतक्या कमी पॉझिटिव्हवर नेहमीचं नॉर्मल वक्राचं सूत्र लावू नये. आणि ८०० पैकी शून्य आले तर 'कोणी सुटलं नाही' असं लिहू नये. तिनाला ८०० ने भागा, वरची मर्यादा ०.३७५ टक्के, म्हणजे ६६ जण.

सोय असेल तर दोनऐवजी चार-पाच थर करा. एआयचा गुण ० ते १०० मध्ये असतो. खुणावण्याची मर्यादा ५० असेल तर ३० ते ५० च्या पट्ट्यातून दाट नमुने घ्या, ० ते १० च्या पट्ट्यातून विरळ. सुटलेले रुग्ण बहुतेक मर्यादेच्या जरा खालीच सापडतात. विश्लेषणात प्रत्येकाला त्याच्या निवडीच्या शक्यतेचा व्यस्त भार द्यायचा, एवढं विसरू नका. दहातला एक निवडला असेल तर तो दहा जणांचा प्रतिनिधी. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं 'सर्व्हे' पॅकेज हे सगळं सांभाळतं.

शिबिराच्या टेबलावर

कागदावरचं हे गणित मोडतं ते बहुधा थुंकीच्या डबीपाशी. निवड शिबिरातच, एक्स-रे निघाल्यावर लगेच झाली पाहिजे. नंतर फोन करून बोलवू म्हटलं तर मुंबईत माणूस सापडत नाही: खोली बदललेली असते, नंबर बंद असतो, मे महिन्यात आणि गणपतीत तर निम्मी चाळ गावी. आणि जे परत येतात ते खोकणारेच जास्त असतात, त्यामुळे न खुणावलेल्यांतलं पॉझिटिव्हचं प्रमाण फुगतं. एआयचा गुण आला की त्याच टॅबवर रँडम आकडा पडावा आणि 'थुंकी घ्या' किंवा 'नको' एवढंच दिसावं. गुण स्वयंसेवकाला दिसता कामा नये. गुण दिसला की कमी गुणवाल्याला 'जाऊ दे' म्हटलं जातं, तेही चांगल्याच हेतूने. रँडम आकड्यांचं बीज (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून संगणक पुढचे आकडे काढतो तो) आधी लिहून ठेवा, म्हणजे निवड पुन्हा काढून दाखवता येते.

न खुणावलेल्या धडधाकट माणसाला थुंकी येत नाही, हा खरा पेच. तो लाळ देतो. लाळेवर निगेटिव्ह येणं आणि खोकून काढलेल्या बेडक्यावर निगेटिव्ह येणं एक नव्हे. डबीवर नमुन्याचा प्रकार लिहा: बेडका, लाळ, रक्तमिश्रित. किमान १ मिलिलिटर हवा. सीबीनॅटसाठी (थुंकीतल्या टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) एक भाग थुंकीत दोन भाग रिएजंट घालतात, जोरात हलवतात, १५ मिनिटं ठेवतात, मध्ये एकदा पुन्हा हलवतात आणि २ मिलिलिटर यंत्रात बसवायच्या काडतुसात (कार्ट्रिज) सोडतात. कमी नमुना पातळ करून भागवला तर यंत्र निकाल देतं, पण जंतू सापडायची शक्यता घटते. 'एरर' आणि 'इनव्हॅलिड' ही वेगळी खाती ठेवा. एक्सेलमध्ये ती निगेटिव्हच्या रकान्यात ढकलली गेली की प्रमाण गुपचूप उतरतं. ज्यांची थुंकी मिळालीच नाही त्यांनाही निगेटिव्ह धरू नका. वय, लक्षणं, आधीचा टीबी आणि एआयचा गुण यांवरून त्यांचे भार बाकीच्यांवर वाटा, आणि 'हे सगळे निगेटिव्ह' ते 'यांचं प्रमाण इतरांच्या दुप्पट' अशा दोन टोकांवर उत्तर कसं हलतं ते लेखात दाखवा.

वेळेचा हिशोब सुरुवातीलाच करा. चार खणांच्या यंत्रावर एका तपासणीला दोन तास धरले तर आठ तासांत १६ होतात. वीज, एरर, माणसांची जेवणं धरून रोज १२. १,२०० तपासण्यांना १०० कामाचे दिवस. निधी मागताना 'एक महिना' लिहिलेला असतो आणि मग शेवटच्या आठवड्यात न खुणावलेल्यांचे नमुने गाळले जातात.

शिबिरांचे गठ्ठेही लक्षात घ्या. ४० शिबिरांतून प्रत्येकी ३० तपासण्या झाल्या, आणि एकाच वस्तीतले लोक एकमेकांसारखे असल्याने इंट्राक्लास कोरिलेशन ०.०१ असेल, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे गठ्ठ्यांमुळे अनिश्चितता किती पट वाढते तो आकडा, १.२९. तुमचे १,२०० हे प्रत्यक्षात ९३० च्या मोलाचे. इंटरव्हल ०.५१ वरून ०.५८ वर जातो. फार नाही, पण न सांगणं चूक.

प्रमाणाच्या पुढे: कोणाला जास्त होतो?

एआयचे निकाल रिग्रेशनमध्ये, म्हणजे कोणत्या गोष्टीशी आजाराचा किती संबंध आहे हे काढायच्या गणितात, घातले जातात तेव्हा चूक जास्त खोल जाते. समजा बांधकाम मजूर आणि इतर, दोन्ही गटांत टीबी बरोबर २ टक्के आहे. पण मजुरांच्या फुफ्फुसात धूळ बसलेली, म्हणून त्यांच्यात स्पेसिफिसिटी ८५ टक्के, इतरांत ९२. सेन्सिटिव्हिटी दोघांत ९०. एआय मजुरांतले १६.५ टक्के खुणावेल, इतरांतले ९.६ टक्के. गुणोत्तर १.७. हजारो एक्स-रे असल्याने पी-मूल्य (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) शून्याला टेकलेलं असेल. 'मजुरांना टीबीचा धोका पावणेदोन पट' असा निष्कर्ष छापला जाईल, जो पूर्ण खोटा आहे. नमुना वाढवून ही चूक जात नाही, उलट खात्री वाढते. मोठ्या डेटाचा खरा धोका मला इथे दिसतो.

उपाय तोच, थोड्या खऱ्या तपासण्यांचा. २०२३ मध्ये अँजेलोपुलोस, बेट्स, जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 'प्रेडिक्शन-पॉवर्ड इन्फरन्स' या नावाने तो रिग्रेशनपर्यंत नेला. गाभा असा: एआयच्या निकालांवरून सगळ्या वीस हजारांचं उत्तर काढा, मग ज्यांची खरी तपासणी झाली त्यांच्यात खरं उत्तर आणि एआयचं उत्तर यांतला फरक काढा, तो फरक पहिल्या उत्तरात मिळवा. अनिश्चिततेत दोन्ही भाग धरा. पुढच्या आवृत्तीत एआयच्या भागाला ० ते १ मधला एक गुणक लावतात आणि तो डेटावरूनच ठरतो. एआय निरुपयोगी असेल तर गुणक शून्याकडे जातो आणि नुसत्या तपासण्यांचं उत्तर उरतं. पायथनमध्ये तयार पॅकेज आहे. दोन अटी मात्र कडक आहेत. तपासलेले लोक रँडम निवडलेले असावेत किंवा निवडीची शक्यता नेमकी माहीत असावी. आणि ज्या लोकांवर मॉडेल शिकवलं किंवा मर्यादा ठरवली, तेच लोक दुरुस्तीसाठी वापरू नयेत. नाहीतर एआयच्या चुका कमी दिसतात आणि दुरुस्ती अपुरी पडते. ही विभागणी फिल्मप्रमाणे नको, रुग्णाप्रमाणे करा. एकाच माणसाच्या दोन फिल्म दोन्हीकडे गेल्या तर मॉडेलला तो माणूस ओळखीचा असतो.

केसपेपरच्या बाबतीतही हेच. आता मोठ्या भाषा-मॉडेलकडून जुने केसपेपर वाचून घेतले जातात: मधुमेह आहे का, आधी टीबी झाला होता का. आपल्याकडचे डॉक्टर टीबीला सर्रास 'कॉक्स' लिहितात. 'नो एच/ओ कॉक्स' (आधी टीबी झालेला नाही) या नोंदीतला 'नो' स्कॅनमध्ये पुसट आला की मॉडेल 'आधी टीबी झालेला' असं नोंदवतं. 'आर/ओ कॉक्स' म्हणजे टीबी नाही ना ते बघा. मॉडेल तेही कधीकधी निदान समजतं. या चुका एखाद्या विभागाच्या किंवा एखाद्या डॉक्टरच्या लिहिण्याच्या सवयीशी बांधलेल्या असतात, म्हणून विभागवार थर करून प्रत्येकातून काही कागद दोन माणसांनी, मॉडेलचं उत्तर न बघता, वाचले पाहिजेत.

सॉफ्टवेअरची आवृत्ती अभ्यास संपेपर्यंत गोठवा. अपडेट झाल्यावर ५० चा अर्थ तोच राहत नाही, आणि अर्धी शिबिरं एका आवृत्तीवर, अर्धी दुसऱ्यावर झाली तर थरच मोडतात. अपडेट टाळता आलं नाही तर मूळ डायकॉम फाइली (एक्स-रे यंत्रातून निघालेल्या मूळ डिजिटल प्रतिमा) जपा आणि सगळ्या पुन्हा एकाच आवृत्तीतून काढा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो यासाठी चालत नाही. फाइलींतून नाव-पत्ता काढताना यंत्राचं मॉडेल आणि तारीख शिल्लक ठेवा. २०१८ मध्ये झेक आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या एक्स-रेवर दाखवलं की मॉडेल आजाराबरोबर रुग्णालयही ओळखायला शिकतं. आपल्याकडे उचलून न्यायचं यंत्र वस्तीत आणि भिंतीवरचं रुग्णालयात, अशी विभागणी असली तर तीच गोष्ट होते, आणि यंत्राची नोंदच पुसली असेल तर ती तपासायला मार्ग उरत नाही.

आणि तपासण्या फक्त ३०० असतील तर? १५०-१५० अशी वाटणी केली तर न खुणावलेल्यांत बहुधा शून्य पॉझिटिव्ह येतील, आणि तिनाला १५० ने भागून वरची मर्यादा २ टक्के, म्हणजे सुटलेले रुग्ण ० ते ३५० यांतले काहीही. अशा वेळी वस्तीतलं प्रमाण काढायचा नाद सोडा. सगळ्या ३०० तपासण्या खुणावलेल्यांतून रँडम निवडून करा आणि 'एआयने खुणावलेल्यांपैकी इतके टक्के खरे रुग्ण' एवढंच लिहा. आपल्या उदाहरणात ते १८.७५ टक्के, अधिक-उणे ४ असं येईल. पालिकेच्या दवाखान्याला पुढच्या शिबिरासाठी किती काडतुसं मागवायची हे ठरवायला तेवढं पुरतं.